वाटेवरची छडीखुर्ची

माझ्या बायकोच्या मामांइतका फसवायला अवघड माणूस अख्ख्या माळव्यात सापडायचा नाही. हे मी पूर्ण शुद्धीवर लिहितो आहे. त्याच शुद्धीत हेही कबूल करतो की गेल्या वर्षी एका ऑनलाइन दुकानदाराने मामांकडून पैसे घेतले, वस्तू काही दिली नाही, आणि ते पैसे पाठवणारा अंगठा माझा होता. तरीही माझं म्हणणं मी मागे घेत नाही. माणूस फसला असं केव्हा म्हणायचं? त्याला तसं वाटलं तर. मामांना ते वाटतच नाही. उलट ज्याने त्यांना फसवलं तोच महिन्याभरात असा जेरीस आला की शेवटी नंबर बंद करून पळाला, आणि मामा त्याच्या प्रकृतीच्या काळजीने रात्रीची भाकरी अर्धी खाऊ लागले.

मामा धारला राहतात. भू-अभिलेख कार्यालयात जन्मभर जमिनींचे नकाशे काढून निवृत्त झाले. त्यांचे पणजोबा धारच्या दरबारात खासगीकडे कारकून होते, आणि त्या कारकुनीची अदब चार पिढ्या झिरपत मामांपर्यंत आली ती जराही पातळ न होता. कुठल्याही दारातून आत जाताना मामा 'आपण आधी' म्हणून बाजूला होतात. एकदा बँकेच्या दारात त्यांना त्यांच्याच वळणाचे एक जुने गृहस्थ भेटले, आणि दोघांच्या 'आपण आधी, छे छे, आपण आधी'मध्ये बँकेची जेवणाची सुट्टी झाली. टेलिफोनवर मशीनची बाई बोलते तिलाही मामा मधे तोडत नाहीत. 'हिंदी के लिए एक दबाएँ, अंग्रेजी के लिए दो' असं ती म्हणाली की मामा नम्रपणे सांगतात, "आपको जो सुविधाजनक हो." मग ती पुन्हा तेच म्हणते, मामा पुन्हा तेच म्हणतात, आणि दोघांचं छान चाललेलं असतं.

मी देवासचा. देवासला जुन्या काळी दोन गाद्या होत्या, थोरली पाती आणि धाकटी पाती, आणि मधून एक रस्ता, त्यामुळे मी दारात दिसलो की मामांचा पहिला प्रश्न अजूनही हाच असतो, "यावें जावईबापू! कोणत्या अर्ध्या गावातून आलात?" त्यावर स्वयंपाकघरातून मामींचा आवाज येतो, "अर्धं असलं तरी तिथल्या बायकांना पूर्ण बोलता येतं!" मामी धाकट्या पातीतल्या. बोलणं अर्धं मराठी, अर्धं माळवी, आणि दोन्ही अर्ध्यांना सारखीच धार.

मामांच्या घराण्याचा एक नियम आहे, आणि या साऱ्या प्रकरणाचं मूळ त्या नियमात आहे. दिलेल्या कामाचं पुन्हा विचारायचं नाही. पणजोबांच्या काळी खासगीतून सुताराला, सोनाराला, शिंप्याला काम सांगितलं की सोबत विडा दिला जाई. विडा घेतला म्हणजे शब्द घेतला. त्यानंतर 'झालं का हो?' असं विचारणं म्हणजे त्या माणसाच्या शब्दावर शंका घेणं, त्याचा पाणउतारा करणं. मामींच्या एका पैठणीवर ब्लाउज शिवायला दिला होता. तो शिंपी धार सोडून रतलामला गेला, तिथून निवृत्त झाला, पण मामांनी त्याला विचारलं नाही. रस्त्यात भेटला तर त्याच्या मुलाबाळांची चौकशी करत. मामी म्हणत, "आता आणला तरी कोण घालणार? मी दुप्पट झाले भिया." भिया म्हणजे भाऊ; मामींच्या माळवी अर्ध्यात सगळेच भिया.

दुसरी गोष्ट म्हणजे मांडू. धारच्या घरी पाहुणा आला की त्याला मांडू दाखवायचं हे ओघानं येतंच, पण मामांच्या घरी पाहुणा पाणी पिऊन पेला खाली ठेवायच्या आत गाडीत बसलेला असतो. आमच्या लग्नाची बोलणी करायला माझे वडील मामांकडे गेले, तेव्हा बोलणी बाजूला राहिली आणि त्यांना आधी जहाज महाल, मग हिंडोळा महाल, मग सगळ्यात वर रूपमती मंडप असं चढवण्यात आलं. वडील परत आले ते म्हणाले, "मुलगी चांगली असेल. मी दमलो होतो, नीट पाहिली नाही." मंडपाच्या गच्चीत मामा पाहुण्यांना दक्षिणेच्या कठड्याशी उभं करतात, खाली निमाडचं मैदान, आणि हवा स्वच्छ असेल तर दूर क्षितिजाशी चांदीची एक रेघ. "ती नर्मदा!" मामा म्हणतात, आणि ती दिसल्याचं पाहुणा कबूल करेपर्यंत त्याला खाली सोडत नाहीत.

या सगळ्यात मामी कुठे असत? खाली. मंडपाच्या चढाच्या पायथ्याशी, गोरखचिंचेच्या एका जाड बुंध्याच्या झाडाखाली, दगडावर. पाहुण्यांचे डबे, पाण्याच्या बाटल्या, कुणाचं झोपलेलं पोर, कुणाची पर्स, असं सगळं सांभाळत. चाळीस वर्षं. शेकडो माणसांना मामांनी वरून नर्मदा दाखवली, आणि मामींनी ती एकदाही पाहिली नाही. आता त्यांचे गुडघे गेले. चार पावलं चालल्या की बसावं लागतं. इंदूरच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, मामींनी ते ऐकलं आणि तिथेच सोडून आल्या. गेल्या वर्षी पावसाळ्यात मामांनी एके दिवशी मला फोन करून सांगितलं, "जावईबापू, दिवाळीनंतर पंधरा दिवस हवा निर्मळ असते. त्या पंधरा दिवसांत हिला वर न्यायचं. पुढच्या वर्षी हिचे गुडघे नेऊ देणार नाहीत."

त्यासाठी हवी होती छडीखुर्ची. चालताना हातात काठी. थकलात की खटका दाबा, तीन पाय फाकतात, वर टीचभर बैठक उघडते, बसा. मामांनी ती कुठल्याशा रेल्वे फलाटावर एका म्हाताऱ्याकडे पाहिली होती. त्यांनी तिचा नकाशाच काढला होता, मापांसकट. तो कागद घेऊन धारची आणि इंदूरची दुकानं पालथी घालून झाली, आणि मग तो कागद माझ्यापुढे आला.

आता माझी कबुली. मी देवासच्या एका कारखान्यात खरेदी विभागात पंचवीस वर्षं आहे. माल कुणाकडून घ्यावा, कुणाकडून घेऊ नये, हे पाहण्याचाच मला पगार मिळतो. साधा नट-बोल्ट घेताना मी तीन ठिकाणची भावपत्रकं मागवतो. पण तो गणपतीतला रविवार होता, आणि मामींनी दाल-बाफले केले होते. तुपात बुडवलेले चार बाफले पोटात गेल्यावर माणसाने फोनवर काहीही दाबू नये असा कायदाच व्हायला हवा. डोळे मिटत होते. फोनवर पहिलीच जाहिरात आली, तीत तीच छडीखुर्ची. खाली सात लोकांनी तारीफ केलेली, सातही तारिफांचे शब्द तेच, चूकसुद्धा तीच. पैसे आधीच पाठवायचे, घरी आल्यावर देण्याची सोय नाही. माझ्यातला खरेदी विभाग एकदा जागा झाला, म्हणाला, 'अरे, बघ जरा.' मी त्याला म्हटलं, झोपू दे. आणि अंगठा टेकवला.

"झालं?" मामांनी विचारलं.

"झालं."

"आणि विडा?"

मी म्हटलं, "मामा, तो माणूस इथे नाही. कुठे आहे तेही ठाऊक नाही."

"म्हणून काय झालं? शब्द तर घेतला ना त्याने?"

मामींनी विडा करून आणला. मामांनी तो तबकात ठेवला, तबक माझ्या फोनसमोर ठेवलं, हात जोडले, पाच मिनिटं थांबले, आणि "त्यांच्या वतीने" म्हणून स्वतः खाल्ला. मी तोवर घोरत होतो, असं मामी सांगतात.

'आठ दिवसांत घरपोच' असं जाहिरातीत लिहिलं होतं. आठव्या दिवशी मामा सकाळी सातला काळी टोपी आणि कोट घालून ओसरीवर बसले. पोह्यांची परात तयार होती, वर शेव, सोबत जिलेबी. कारण इतक्या लांबून वस्तू घेऊन येणाऱ्याला कोरड्या तोंडाने पाठवायचं कसं? दुपारी एक कुरिअरवाला गल्लीत आला, तो शेजारच्यांचं पार्सल घेऊन. शेजारी कुलूप. मामांनी त्याला बसवून पोहे खाऊ घातले आणि पार्सल ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी दुसरा आला. पंधरा दिवसांत धारमधल्या तमाम कुरिअरवाल्यांना कळलं की या गल्लीत एक दादाजी आहेत, दिवसभर दारात असतात आणि पोहे देतात. मग काय, अर्ध्या मोहल्ल्याची पार्सलं मामांच्या ओसरीवर येऊन पडू लागली. कुणाचे बूट, कुणाची कढई, कुणाचं केस वाढवायचं तेल. मामा ज्याचं त्याला घरी नेऊन देत, वर 'वस्तू मनासारखी आली ना?' असं विचारत. सगळ्यांचं सगळं येत होतं. छडीखुर्ची येत नव्हती. मामी म्हणाल्या, "पोस्टमास्तर झालात, आता पेन्शन तरी दुप्पट मागा."

मी शनिवारी-शनिवारी देवासहून धारला जाऊ लागलो. कशासाठी? काही करण्यासारखं नव्हतं. अपराधी माणूस जिथे अपराध झाला तिथे घुटमळतो म्हणतात, तसा मी जायचो. "मामा, फोन करून खडसावा त्याला," मी म्हणायचो. मामा माझ्याकडे असे पाहायचे की जणू मी देवघरात चपला घालून शिरलोय. "विडा दिलाय, जावईबापू!"

पण विचारपूस करायला नियमाची आडकाठी नव्हती. विक्रेत्याच्या पानावर एक नंबर होता, आणि पलीकडचा माणूस स्वतःला विकास म्हणवत असे. मामा त्याला रोज सकाळी साडेनऊला फोन करत. छडीखुर्चीचा शब्द नाही. "विकासजी, नमस्कार. तबियत कैसी है? घर में सब मंगल? आपके उधर बारिश हुई?" पहिले दोन दिवस विकासने स्वतःहूनच सांगितलं, "अंकल जी, आपका माल निकल गया है, गलती से गाड़ी हाटपिपल्या चली गई." मामा हरखले. फोन ठेवून मला म्हणाले, "हाटपिपल्याला नृसिंहाचं मंदिर आहे. दर्शन घेऊनच येईल, हरकत नाही." पुढच्या आठवड्यात विकास म्हणाला की पत्ता सापडत नाही. झालं! मामांच्या आतला नकाशेवाला उठला. माल इंदूरहूनच निघणार असं धरून, चार दिवस खपून त्यांनी इंदूर ते आमच्या मामांचं दार असा रंगीत नकाशा काढला. त्यात घाटाबिल्लोदचं वळण, पीथमपूरच्या कारखान्यांच्या बसेस कुठे आडव्या येतात ते, धारचं हलवायाचं दुकान, लिंब, आणि लिंबाखाली एक कुत्रा, बाजूला बारीक अक्षरात 'चावत नाही, फक्त उठतो'. तो नकाशा फोटो काढून मी पाठवला. विकासने नुसता अंगठा पाठवला. मामा म्हणाले, "नकाशा आवडलेला दिसतो."

एकदा विकासने पुढचा डाव टाकला. "अंकल जी, एक छोटा सा टैक्स बाकी है, वो भेज दो तो आज ही..." मामांनी त्याला वाक्य पुरं करू दिलं, कारण मधे तोडत नाहीत, आणि मग म्हणाले, "वह सब ठीक है बेटा, पर तुम आज खाँस बहुत रहे हो. अडूसे का काढ़ा लेते हो?" मग अडुळशाचा काढा कसा करायचा ते वीस मिनिटं सांगितलं. विकासने पुन्हा टॅक्सचं नाव काढलं नाही. दुसऱ्यांदा फसवायचं तर समोरच्याने निदान तुमचं ऐकून घ्यायला हवं. मग त्याला मामांनी दसऱ्याला घरी जेवायला बोलावलं. मग त्याच्या आईचा नंबर मागितला, नमस्कार सांगायला. दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी फोन लागेनासा झाला. मशीनची बाई म्हणाली की हा नंबर उपलब्ध नाही. मामा तिला "धन्यवाद" म्हणाले आणि पुन्हा लावला. मग पुन्हा.

मला वाटलं, सुटलो. आता मामांना कळेल, वाईट वाटेल, आणि मी पाय धरून माफी मागीन. मामांचा फोन आला, आवाज कापरा. "जावईबापू, त्याला काही झालं तर नसेल? खोकला फार होता. इंदूरच्या दवाखान्यांत जाऊन पाहून येतो म्हणतो." मी म्हटलं, मामा, थांबा. मामी मागून ओरडल्या, "हे कोट चढवून बसलेत हो!"

आणि इथे मी दुसरा अपराध केला. माझ्याकडे कारखान्याने दिलेला एक जादा फोन होता, तो नंबर नातेवाइकांत कुणाला ठाऊक नव्हता. त्यावरून मी मामांना निरोप लिहिला: 'अंकल जी, नया नंबर है. मैं ठीक हूँ. विकास.' इतकंच. म्हातारा माणूस दवाखाने पालथे घालण्यापासून वाचावा एवढाच हेतू होता. निरोप गेला न गेला तोच तो फोन वाजू लागला. मी गोदामामागे रिकाम्या पिंपांच्या आड पळालो, तोंडावर रुमाल धरला आणि म्हणालो, "हेलो, अंकल जी."

"अरे! तुम्हारी आवाज तो एकदम ही बैठ गई!"

"हाँ जी. खाँसी."

"मैंने कहा था. काढ़ा लिया?"

"लिया, अंकल जी."

"झूठ."

त्या दिवसापासून रोज साडेनऊला मी पिंपांआड विकास होऊ लागलो. कारखान्यात सगळे समजले की मला पोटाचा काही त्रास आहे. मामांना सगळं विचारायची सवय, त्यामुळे मला विकासला एक आई द्यावी लागली. मग आईला संधिवात द्यावा लागला, कारण मामांनी विचारलंच की त्यांना काय होतं. मग मामांनी मामींकडून निर्गुडीच्या तेलाची कृती विचारून सांगितली, आणि दुसऱ्या दिवशी आईला किती उतार पडला ते विचारलं. मी घाबरून "पूरा" म्हणालो. मामांनी ते तेल मामींना लावून पाहिलं. मामींना काही उतार पडला नाही, आणि मामांना वाटलं विकासच्या आई फार पुण्यवान. घरी बायकोने त्या फोनवर 'आज आपका फोन नहीं लगा, दिनभर मन नहीं लगा' असा निरोप वाचला आणि दोन दिवस माझ्याशी अबोला धरला. तिसऱ्या दिवशी तिने तो कोणत्या नंबरावरून आलाय ते पाहिलं आणि जी हसत सुटली ती भाकरी करपेपर्यंत. मग डोळे पुसून म्हणाली, "आता पुरे करा. सांगून टाका मामांना." मी मान हलवली आणि सांगितलं नाही. भित्र्या माणसाची मान नुसती हलते.

मामा विकासला माझ्याबद्दलही सांगत. "हमारे एक जावई हैं, देवास में. बहुत भले हैं. बस, नींद जरा ज्यादा है."

दिवाळी झाली. निर्मळ हवेचे पंधरा दिवस सुरू झाले. मी पिंपांआड उभा. मामा त्या दिवशी काढ्याबद्दल बोलले नाहीत. म्हणाले, "बेटा, एक बात कहूँ? तुमसे कह सकता हूँ, तुम दूर के हो." आणि त्यांनी जे सांगितलं ते मी तीस वर्षं त्यांचा जावई असून मला माहीत नव्हतं. मामांच्या लग्नाला वर्ष झालेलं. कार्यालयातले मोठे साहेब सपत्नीक आलेले. मंडपाच्या पायथ्याशी साहेबांच्या बाईंनी विचारलं, सामान कोण पाहील? आणि मामा म्हणाले, 'ही थांबेल.' मामींना विचारलं नाही. "फिर अगली बार किसी ने पूछा नहीं, बेटा. मैंने भी नहीं. वह अपने आप वहाँ बैठने लगी. आदत उसको नहीं लगी, हमको लगी." मग म्हणाले, "यह तकाजा नहीं है. तुम बुरा मत मानना. बस, पंद्रह दिन हैं."

ज्या माणसाने चाळीस वर्षांत शिंप्याला ब्लाउज विचारला नाही, तो त्या दिवशी जवळजवळ विचारत होता. मी विकासच्या आवाजात म्हणालो, "अंकल जी, कुर्सी नहीं आएगी. कुर्सी थी ही नहीं. फोटो था."

पलीकडून मला मामींच्या फोडणीचा आवाज ऐकू येत होता.

"थी ही नहीं?" मामा म्हणाले.

"नहीं थी."

"अरे रे," मामा म्हणाले. "तो इतने दिन तुम कितने कष्ट में रहे होगे!"

मग माझ्याने राहवलं नाही. रुमाल काढला आणि मराठीत म्हणालो, "मामा, मी बोलतोय. मी."

"कोण? जावईबापू?" मामा चकित झाले. "तुम्ही त्याच्याकडे कसे पोचलात? बरं झालं गेलात! रागावू नका त्याच्यावर, त्याची आई आजारी आहे. जरा फोन द्या त्याला."

त्यांना समजावून सांगायला मला अर्धा तास लागला. दोन वेळा ते म्हणाले, "हो, ते कळलं, पण मग विकासची आई?" आई नाही हे जेव्हा त्यांना खरंच कळलं तेव्हा त्यांना खुर्चीहून त्याचं जास्त वाईट वाटलं. मी रडत होतो. पिंपांपलीकडून पहारेकऱ्याने विचारलं, "साहब, डॉक्टर बुलाऊँ?" इतक्यात मामींनी मामांच्या हातून फोन घेतला. त्यांनी सगळं ऐकलं होतं; मामांचा फोन कायम मोठ्या आवाजावर असतो.

"जावईबापू, नाटक झालं का तुमचं?"

"मामी, चूक झाली. मी नवी खुर्ची शोधतो. दिल्लीला मिळेल, मुंबईला मिळेल, आठ दिवसांत..."

"काही नको खुर्ची-बिर्ची. दोन महिने खुर्ची-खुर्ची करताय दोघं. चाळीस वर्षं मी खाली दगडावरच बसले ना? मग वर काय दगड नाहीत? पायऱ्या दगडाच्या नाहीत? मला जायचंय का, हे एका तरी भल्या माणसाने विचारलं?"

मी म्हटलं, "मामी, तुम्हाला जायचंय का?"

"तुम्ही नका विचारू. ज्यांनी विचारायला हवं त्यांना विचारू दे."

फोन चालूच होता. मग मामांचा आवाज, लांबून, बारीक, पाहुण्यांशी बोलतात तसा नाही: "येतेस?"

"येते की," मामी म्हणाल्या. "भाजी उतरवते तेवढी."

पुढच्या रविवारी आम्ही गेलो. मामा, मामी, बायको आणि मी. सामान गाडीत ठेवून कुलूप लावलं; गाडीला कुलूप असतं हे त्या घराला बहुतेक पहिल्यांदाच सुचलं. मामींच्या एका हातात साधी काठी, दुसरा हात मामांच्या खांद्यावर. दहा पावलं, मग बसायचं. कधी कठड्यावर, कधी पायरीवर, एकदा वाटेतल्या एका दगडावर जिथे आधीच एक माकड बसलं होतं. मामींनी त्याला "हट रे भिया" म्हटलं आणि ते हटलं. मागून येणारे लोक पुढे जात, उतरणारे थांबून म्हणत, "अम्मा जी, बस थोड़ा ही है." मामा वाटेत एक अक्षर बोलले नाहीत. कुठला सुलतान, कुठली कमान, काही नाही. नुसते मामींच्या पावलाकडे पाहत होते. अर्ध्या वाटेवर मामी एकदा थांबल्या त्या उठेनात. गुडघा धरून बसल्या, चेहरा पांढरा. मी म्हटलं, उतरू या. मामींनी माझ्याकडे पाहिलंही नाही. पाच-सात मिनिटांनी मामांना म्हणाल्या, "हात द्या."

वर पोचायला दोन तास लागले. सवयीने मामा दक्षिणेच्या कठड्याकडे वळले आणि तिथेच थबकले. पंधरा दिवसांतला हवा मळकी असलेला तो एकच दिवस असावा. निमाडवर राखाडी धूर पसरला होता, क्षितिज नव्हतंच. रेघ नाही, चांदी नाही. मामांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "तिथे असते," ते हळूच म्हणाले. "आज... आज नाही दिसत." माझ्या माहितीत मामांनी मांडूत हे कबूल केलेली ती पहिली वेळ.

"असू दे," मामी म्हणाल्या, आणि काठी टेकत सावकाश गच्चीच्या दुसऱ्या बाजूला गेल्या. उत्तरेला. तिथे पाहुणे जात नाहीत, तिकडे पाहण्यासारखं काही नाही. खाली आम्ही आलो तो रस्ता, मामींचं ते गोरखचिंचेचं झाड, गाड्या, चिंचा विकणाऱ्या बायकांच्या टोपल्या. मामी कठड्याला टेकून बघत राहिल्या.

"इथून मी दिसायचे का हो तुम्हाला?"

मामा त्यांच्याजवळ गेले. खाली पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"मी या बाजूला कधी आलोच नाही," ते म्हणाले.

मामी बोट करून दाखवू लागल्या. ते बघा, तिथे बस वळते आणि दर वेळी त्याच खड्ड्यात जाते. त्या निळ्या लुगड्यातली बाई, तिच्या दोन मुलींची लग्नं झाली, धाकटीच्या लग्नाची पत्रिका आली होती आपल्याला, तुम्ही विचारलंत ही कोण म्हणून. तिथे पावसाळ्यात पाणी साचतं, बेडूक ओरडतात. मामा कठड्यावर हात ठेवून ऐकत होते, मधे तोडत नव्हते, आणि एखादी गोष्ट नीट दिसली नाही की विचारत होते, "कुठे? झाडाच्या डावीकडे?" मी आणि बायको जरा लांब उभे राहिलो. उन्हं कलली तरी दोघं तिथेच होते. खाली उतरायचं असतं हे कुणाच्या लक्षात नव्हतं, आणि लक्षात आणून द्यावं असं आम्हालाही वाटलं नाही.